पाच लिटर रेड वाइन, पाचव्या दिवशी बुडबुडे बंद

संत्राबाग (धागाकर्ता), १६ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून लिहितो.

मोर्शी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. आतेभाऊ नाशिककडे द्राक्षप्रक्रियेच्या कारखान्यात कामाला आहे. मागच्या महिन्यात लग्नाला आला तेव्हा लाल द्राक्षांच्या घट्ट रसाचे दोन-दोन किलोचे दोन पाउच देऊन गेला. काकवीसारखा दाट, रंग जांभळट काळा, वर ६८ ब्रिक्स (शंभर ग्रॅममध्ये ६८ ग्रॅम साखर) लिहिलेलं. म्हणाला, पाणी घाल, यीस्ट घाल, वाइन होते, यात काही शास्त्र नाही.

मी पिण्याच्या पाण्याच्या दहा लिटरच्या कॅनमध्ये एक पाउच ओतला. शेजारचे काकाजी म्हणाले, साखर टाकल्याशिवाय काय चढते? म्हणून अर्धा किलो साखर टाकली आणि पाच लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. बेकरीचं यीस्ट दोन चमचे. झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी लावली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. आईला घरात वास नको होता, म्हणून कॅन शेतावरच्या टिनाच्या खोलीत ठेवला.

पहिले दोन दिवस नुसता धिंगाणा. बाटलीतलं पाणी उकळल्यासारखं. पाचव्या दिवशी सगळं गप्प. चव घेतली तर पाकासारखी गोडमिट्ट, मागून थोडी जळजळ, आणि वास सडक्या अंड्याचा. झाली का तयार, की वाया गेली? दुसरा पाउच अजून फोडलेला नाही.

तर्री_जास्त

एप्रिलमध्ये, टिनाच्या खोलीत? भाऊ, तुम्ही यीस्टची भजी तळली.

वर्धेची_लेक

आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी. त्यामुळे हा धागा मी डोळे मिटून वाचते आहे. वाचनखूण मात्र साठवली.

चिकित्सक

धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा, मग बोलू.

१. पाउचवर आयएनएस २११ किंवा २०२ असं काही छापलंय का? २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट. सरबताच्या बाटल्यांत यांपैकी एखादं बहुधा असतंच. ते असलं की यीस्टला वाढू देत नाही. बाजारातला द्राक्षाचा स्क्वॅश आणून 'वाइन का होत नाही' असं विचारणारे दोन-चार जण मला दरवर्षी भेटतात.
२. खोलीत दुपारी तापमान किती असतं?
३. घनता मोजायला काही आहे का?

संत्राबाग

१. नाही. घटकांमध्ये फक्त द्राक्षरस.
२. आज दुपारी तीनला ४१.
३. हायड्रोमीटर नाही. गावातल्या दूध संकलन केंद्रातून लॅक्टोमीटर मागून आणला. तो बुडतच नाही. अर्धा बाहेर येऊन आडवा होतो. संत्र्यातली साखर मोजायला घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर आहे, तो २५ ब्रिक्स दाखवतो.

चिकित्सक

रिफ्रॅक्टोमीटर आता बाजूला ठेवा. अल्कोहोल तयार झालं की तो खोटं बोलायला लागतो, आहे त्याहून जास्त साखर दाखवतो. यीस्ट घालण्याआधी वापरला असता तर सोन्यासारखा होता.

लॅक्टोमीटर बुडत नाही याचा अर्थ सरळ आहे. त्याची पट्टी १.०४० च्या आसपास संपते. तुमचा माल त्याहून बराच जड आहे, म्हणजे आत भरपूर साखर शिल्लक आहे. आंबणं पूर्ण झालेलं नाही, मध्येच अडकलंय.

घरात किचनचा वजनकाटा असेलच. अर्धा लिटर माल मोजून घ्या, हलवून त्यातला गॅस जाऊ द्या आणि वजन करा. पाणी ५०० ग्रॅम भरतं. तुमचं किती भरतं ते सांगा.

पऱ्हाटीवाला

राजेहो, इतकं शास्त्र असते का यात? आमच्या आबाजीजवळ ना ब्रिक्स होतं ना मीटर. मोहफुलं भिजू घालत अन् माठाले कान लावून बसत. आवाज बंद झाला का झालं. नाक सांगे, कान सांगे. आता तुमी दूध मोजाचं यंत्र लावून रायले.

पन एक सांगा, घरची पेल्यानं डोये जातात म्हनतात, ते खरं का?

चिकित्सक

पऱ्हाटीवाले भाऊ, आबाजींचा कान बरोबर होता. फक्त आवाज दोन कारणांनी बंद होतो, साखर संपली म्हणून किंवा यीस्ट मेलं म्हणून. कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

डोळ्यांचं म्हणाल तर विषारी दारूच्या बातम्यांमागे बहुतेक वेळा वरून मिसळलेलं औद्योगिक मिथेनॉल असतं. फळातल्या पेक्टिनपासून थोडं मिथेनॉल वाइनमध्येही येतं, पण नुसत्या आंबवलेल्या रसात ते फारच कमी असतं. भट्टी लावून गाळायला गेलात की गणित बदलतं. त्या वाटेला जाऊच नका.

काळा_कोट

रंगाचा बेरंग करतो, पण कुणीतरी सांगायलाच हवं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, पूर्वी त्याचं नाव मुंबई दारूबंदी कायदा होतं. त्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. 'घरच्यापुरती', 'पाचच लिटर' अशी सवलत नाही. वाइनही त्यातच आली. वर्धा आणि गडचिरोली सोडा, मोर्शीतही परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाला तुमचं आणि आतेभावाचं नातं विचारायचं नसतं.

तर्री_जास्त

वकीलसाहेब, कॅनवर 'द्राक्षाचा काढा' लिहिलं तर?

काळा_कोट

तर पंचनाम्यात 'काढा' लिहितील. कलम तेच.

बर्फाळ_यवतमाळकर

मूळचा यवतमाळचा, अकरा वर्षं कॅनडात, विनिपेगजवळ. इथे स्वतःपुरती वाइन घरी करायला मुभा आहे आणि अशाच घट्ट रसाचे तयार संच दुकानात मिळतात. बहुतेक लोक २३ लिटर करतात, म्हणजे तीस बाटल्या. मी साडेचार लिटरच्या काचेच्या बुधल्यात करतो, कारण घरात पिणारा मी एकटाच आणि चुकलं तर हळहळ कमी. गंमत बघा, माझं तळघर हिवाळ्यात १५-१६ अंशांवर जातं, म्हणून मी बुधल्याला गरम पट्टा बांधतो. तुम्हाला नेमकं उलटं करायचंय.

आधी तुमचं गणित. दोन किलो रस, ६८ ब्रिक्स, म्हणजे त्यात १,३६० ग्रॅम साखर. पाच लिटरला नुसतं पाणी घातलं असतं तर २५ च्या जरा खाली ब्रिक्स आलं असतं. थोडं जास्त, पण चाललं असतं. काकाजींच्या अर्ध्या किलोने ते ३२ च्या पुढे गेलं. इतक्या दाट पाकात यीस्टच्या अंगातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. लोणचं मिठाने टिकतं आणि मुरांबा साखरेने टिकतो, तोच प्रकार. तुम्ही मुरांबा घातला आणि तो आंबावा अशी अपेक्षा धरली.

सोपं माप लक्षात ठेवा, ६८ ब्रिक्सच्या एक किलो रसाला दोन लिटरपेक्षा किंचित जास्त पाणी. त्यातून साधारण पावणेतीन ते २.८ लिटर माल होतो, २२ ब्रिक्सचा. अर्ध्या लिटरचं वजन ५४६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. यातून साडेबारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येतं. वेगळी साखर लागतच नाही.

दुसरी चूक उष्णता. लाल वाइन २२ ते २८ अंशांत सुखात असते. तिशी ओलांडली की यीस्ट आधी बेभान धावतं आणि मग कोसळतं. तुमचे पहिले दोन दिवस धिंगाण्याचे होते ना, तोच तो. बाहेर ४१ आणि आत आंबण्याची स्वतःची ऊब वेगळी.

तिसरी गोष्ट, अंड्याचा वास. रस आटवताना त्याचं पोषण बरंच कमी होतं. नायट्रोजन कमी पडला की उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं. म्हणून संचात डायअमोनियम फॉस्फेटची पुडी येते, साडेचार लिटरला ग्रॅमभर पुरते.

आटवताना आणखीही काही जातं. सुगंध उडतो. टार्टारिक आम्ल थंडीत खडे होऊन तळाशी बसतं, म्हणून पातळ केल्यावर रस मिळमिळीत लागतो. सालीचा तुरटपणा तर फारच थोडा उरतो. मी साडेचार लिटरला अर्धा चहाचा चमचा टार्टारिक आणि एक कप कडक कोरा चहा घालतो. हो, चहाच. त्यात टॅनिन असतं.

संत्राबाग

डायअमोनियम फॉस्फेट म्हणजे आपलं डीएपीच ना? घरात चार पोती पडून आहेत!

बर्फाळ_यवतमाळकर

नाही! नाही! नाव तेच, पण खताचं डीएपी खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं. पऱ्हाटीला घाला, वाइनला नको. खाद्य दर्जाचं मिळालं नाही तर बेकरीचं एक चमचा यीस्ट अर्ध्या कप पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि गार करून ओता. मेलेलं यीस्ट हे जिवंत यीस्टचं उत्तम खाद्य.

तर्री_जास्त

डीएपीचं पोतं उघडलं असतं तर वाइन एकरी किती क्विंटल झाली असती?

खारीक_खोबरं

टार्टारिक मोर्शीत कुठे शोधणार? चिंच टाका की. चिंचेचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचाच असतो.

चिकित्सक

आम्ल बरोबर ओळखलंत. पण चिंचेचा गर म्हणजे चव, रंग, पेक्टिन, सगळंच येतं. वाइनऐवजी पाणीपुरीचं पाणी होईल. लिंबूसत्व किराणा दुकानात मिळतं, पण आंबताना जिवाणू त्याची वाट लावू शकतात. ऑनलाइन टार्टारिक मागवलेलं बरं.

संत्राबाग, १७ एप्रिल

वजन केलं. अर्धा लिटर ५४२ ग्रॅम.

बर्फाळ_यवतमाळकर

म्हणजे घनता १.०८४. सुरुवात १.१४० च्या आसपास होती, म्हणजे सात-साडेसात टक्के अल्कोहोल झालंय आणि साखर अर्ध्याहून जास्त उरली आहे. वाया गेलेली नाही, अडकलेली आहे. वकीलसाहेबांचं ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त अडकलेली गाडी कशी निघते ते सांगतो.

अडीच लिटर पाणी उकळून, गार करून त्यात घाला. माल साडेसात लिटर होईल. थोडा पातळ लागेल, पण ती काकाजींच्या साखरेची किंमत. यीस्ट मात्र नवीन हवं. ईसी-१११८ नावाचं मिळतं, ते १० ते ३० अंशांत काम करतं आणि जास्त अल्कोहोलही सोसतं. ते थेट ओतू नका. विरजण लावताना दूध कोमट आहे ना ते बघता, तसंच. ३५-३८ अंशांच्या अर्ध्या कप पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग त्यात तुमच्या कॅनमधला एक कप माल. फेसाळलं की आणखी दोन कप. दिवसभर असं सवयीचं करत नेऊन मगच सगळ्यात मिसळा.

आणि कॅन त्या टिनाखालून हलवा. आज. आत्ता.

संत्राबाग

कुठे हलवू? घरात आई आहे.

वर्धेची_लेक

कूलर आहे ना घरी? (विदर्भात हा प्रश्न विचारणं म्हणजे दार आहे का विचारणं.) मोठ्या घमेल्यात पाणी भरा, कॅन त्यात उभा करा, ओलं पोतं गुंडाळा, पोत्याचं टोक पाण्यात राहू द्या आणि कूलरच्या झोतात ठेवा. आमच्या आजीकडे फ्रीज नव्हता तेव्हा उन्हाळ्यात दुधाचं भांडं असंच ठेवायचे. सात-आठ अंश सहज उतरतात. आईला सांगा, संत्र्याच्या झाडांचं औषध आहे.

पऱ्हाटीवाला

डोये मिटून वाचून रायली म्हने!

आंबटगोड

इतकं वाचल्यावर माझी कबुली. आमच्याकडे अकोल्याला मिस्टरांनी तीन वर्षांपूर्वी असंच केलं होतं. बुडबुडे थांबले म्हणून काचेच्या सहा बाटल्यांत भरून बुचं घट्ट बसवली आणि पलंगाखाली ठेवली. जानेवारी होता, गारठ्याने यीस्ट झोपलं होतं, संपलं नव्हतं. मार्चमध्ये रात्री दोन वाजता पहिली बाटली फुटली. पाच मिनिटांनी दुसरी. सासूबाईंना वाटलं गोळीबार. काचा गादीत रुतल्या होत्या. कुणी पलंगाखाली वाकून बघत असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

घनता मोजल्याशिवाय काचेत भरू नका, एवढंच सांगायला लॉगिन केलं.

चिकित्सक

आंबटगोड यांना पूर्ण अनुमोदन. अर्धा लिटर ४९७-४९८ ग्रॅमवर आला आणि दोन आठवडे तिथेच राहिला, तरच बाटली. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पूर्ण झालेली वाइन पाण्याहून थोडी हलकी भरते. धागाकर्ते, तुमच्या लॅक्टोमीटरवर पाण्याची खूण असेल, तो त्या खुणेच्याही खाली बुडायला हवा.

खारीक_खोबरं

अवांतर: बाग संत्र्याची आणि वाइन नाशिकच्या द्राक्षाची? वरुड-मोर्शीचा माणूस, स्वतःच्या संत्र्याची करा की.

संत्राबाग

केली होती, दोन वर्षांपूर्वी. सालीसकट मिक्सरमधून काढली. कडू जहर. बैलानेही तोंड फिरवलं.

चिकित्सक

सालीच्या तेलातलं लिमोनीन यीस्टला मारक असतं आणि आतल्या पांढऱ्या दशीने कडवटपणा येतो. साल, दशी, बिया सगळं काढून नुसता रस घ्यावा लागतो. त्यात साखरही द्राक्षाच्या निम्मीच, दहा-अकरा ब्रिक्स. मग वरून घालावीच लागते. तिथे मात्र काकाजी बरोबर ठरतात.

संपादक

२०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू का' यावर आपल्याकडे चारशे प्रतिसाद झाले होते. तो वाद इथे पुन्हा उकरू नये. त्या विषयावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. काळा_कोट यांची माहिती सर्वांनी वाचावी.

बर्फाळ_यवतमाळकर

वाद नाही, किस्सा. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा हाच घट्ट द्राक्षरस आणि त्याच्या वाळवलेल्या विटा दुकानात खुल्या विकल्या जात. वीट पाण्यात विरघळवून वीस दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर तिची वाइन होईल, अशा अर्थाची 'सूचना' सोबत दिलेली असे. ग्राहक सूचना फार काळजीपूर्वक वाचत.

वर्धेची_लेक

विटेचा पत्ता मिळेल का? घराचं बांधकाम काढलंय. (हलकं घ्या. काळा_कोट, प्लीज.)

संत्राबाग, २४ एप्रिल

खबरबात. यीस्ट यायला चार दिवस लागले. तोवर अडीच लिटर पाणी घालून ठेवलं. सांगितलं तसं विरजण केलं, उकळलेलं यीस्ट खाऊ घातलं. घमेलं, पोतं, कूलर असा थाट माजघरात मांडलाय. आईला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, कूलरसमोर मी झोपत होते, आता हे झोपते.

आज सकाळी पुन्हा बुडबुडे. अंड्याचा वास निम्मा झालाय. थर्मामीटर २९.

पऱ्हाटीवाला

कान लावून पाह्यला का नाई?

संत्राबाग

पाह्यला. अळूच्या पानावर पाऊस पडावा तसा आवाज येते.

संत्राबाग, १५ मे

लॅक्टोमीटर पहिल्यांदा उभा राहिला! रीडिंग १२, म्हणजे घनता १.०१२. दुधाचं असतं तर केंद्रावर पाणी घातल्याचा ठपका बसला असता.

चिकित्सक

चला, मार्गी लागलं. आता झाकण उगाच उघडू नका. सुरुवातीला यीस्टला हवा लागते, शेवटी हवा शत्रू. शिवाय चिलटं. एक चिलट आत गेलं की सिरक्याचे जिवाणू सोबत घेऊन जातं.

संत्राबाग, २ जून

मंडळी, आज लॅक्टोमीटर पाण्याच्या खुणेच्या खाली गेला. वजन ४९८. खाली बोटभर साका बसलाय, वरचा माल निवळून आलाय. रंग मात्र रेड वाइनचा नाही, पातळ कोकम सरबताचा. चव आंबट, कोरडी, थोडी पाणचट. काकाजींनी अर्धा पेला घेतला आणि म्हणाले, यात साखर कमी पडली.

काळा_कोट यांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आमच्या गावात कोणती गोष्ट किती दिवस लपते हे मला ठाऊक आहे. म्हणून ठरवलं की याचा सिरका करायचा. जमेल ना?

बर्फाळ_यवतमाळकर

जमेल आणि तुमच्या हवेत माझ्यापेक्षा लवकर जमेल. सिरक्याच्या जिवाणूंना २५ ते ३० अंश आणि भरपूर हवा आवडते. बारा टक्के त्यांना जड जातं, म्हणून जेवढा माल तेवढंच उकळून गार केलेलं पाणी. साका वर येऊ न देता नितारून घ्या. रुंद तोंडाची चिनी मातीची बरणी घ्या, अर्धीच भरा, वर मलमलचं कापड बांधा. न गाळलेला, गढूळ, 'मदर' (जिवाणूंचा थर) असलेला सिरका बाजारात मिळतो, तो कपभर घाला. मेटाबायसल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ती पूड) अजिबात नको. वर साय धरल्यासारखा पापुद्रा आला की हलवू नका.

आणि खरं सांगू? थोडं वाईट वाटलं. डिसेंबरमध्ये करून बघितली असतीत तर कूलरही लागला नसता.

काळा_कोट

हा प्रतिसाद मी वाचलेला नाही.

संत्राबाग, १९ जुलै

दीड महिना झाला. पहिल्या पावसाच्या आठवड्यात पापुद्रा धरला. आता नाकात झिणझिण्या येतील असा झालाय. आईने कांदा उभा चिरून त्यात टाकला, बीट घातलं आणि झुणक्याबरोबर वाढला. काकाजी दोन वाट्या घेऊन गेले. दुसऱ्या पाउचचं उन्हाळाभर पाहुण्यांना सरबत झालं, सगळ्यांना तेच जास्त आवडलं.

एकच अडचण आहे. दूध संकलन केंद्राचा माणूस काल लॅक्टोमीटर मागायला आला होता. मी धुऊन दिला, पण त्याने नाकाशी धरला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

तर्री_जास्त

आता त्याला कांदा पाठवा.